मेंदूवरच्या गोळ्या घरी न्यायच्या आधी कुणीतरी मराठीत समजावून सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सत्तावीस वर्षं पुण्यात सिस्टर म्हणून नोकरी केली, बराचसा काळ मेडिकल वॉर्ड नि आयसीयूत गेला, आणि आता चार वर्षं झाली नर्सिंगच्या मुलींना फार्माकोलॉजी शिकवतेय. पेपरला पत्र आजवर कधी लिहिलं नव्हतं. पण गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीच्या मिस्टरांना फीट आली, चार दिवस ते शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात होते, आणि डिस्चार्जच्या दिवशी जे बघितलं ते डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

सकाळी दहाला डिस्चार्ज सांगितला, इन्शुरन्सचं अप्रूव्हल यायला संध्याकाळचे साडेपाच झाले, तोपर्यंत बहीण उपाशी, मिस्टर कंटाळलेले, आणि मग एकदम घाई, बेड रिकामा करायचा, खाली कॅज्युअल्टीत पेशंट थांबलाय. प्लास्टिकच्या फोल्डरमधे कार्ड हातात दिलं, गोळ्यांची पिशवी दिली, "सगळं लिहिलंय, पंधरा दिवसांनी दाखवायला या", झालं. एवढंच. आम्ही निघालो तेवढ्यात शेजारच्या बेडवरच्या काकू, दौंडकडच्या होत्या, त्यांच्या मालकांनापण त्याच दिवशी सोडलं होतं, त्या कार्ड घेऊन माझ्याकडे आल्या नि हळूच विचारलं, "ताई, ही गोळी एचएस लिहिलीय, म्हणजे हॉस्पिटलात येऊनच घ्यायची का हो?"

एचएस म्हणजे रात्री झोपताना. त्या माऊलीने हॉस्पिटल असं वाचलं. तिचं काय चुकलं सांगा. मी नसते तिथे तर ती गोळी त्या माणसाला पंधरा दिवस मिळालीच नसती, आणि ती गोळी फीटची होती.

त्या वॉर्डातल्या सिस्टरचा मला राग आला नाही हे आधीच सांगते. पोरगी सकाळपासून उभी होती, एकटीकडे वीसेक पेशंट, दोन जणांना रक्त चढत होतं. तिला समजावून सांगायला वेळच ठेवलेला नाही कुणी. आणि खरं सांगायचं तर वेळ दिला असता तरी तिला मराठीत सांगता आलं असतं का याचीही मला खात्री नाही, कारण आम्हीच तिला तसं शिकवलेलं नाही. त्यावर पुढे लिहिते.

मेंदूवर काम करणाऱ्या औषधांचं म्हणजे फीटच्या, कंपवाताच्या, मनाच्या आजाराच्या, झोपेच्या गोळ्यांचं एक वेगळेपण आहे. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात औषध म्हणजे तापाची गोळी बसलेली आहे, ताप उतरला की गोळी बंद, बरं वाटलं की डबा कपाटात. मेंदूच्या गोळीला हा नियम लावला की घात होतो. इथे बरं वाटतंय ते गोळी चालू आहे म्हणून वाटतंय.

वर्गात मी मुलींना ढोलपथकाचं उदाहरण देते. आपला मेंदू म्हणजे सरावाच्या मैदानावर जमलेली हजारो पोरं समजा, एरवी प्रत्येक जण आपापलं काहीतरी करतोय, कुणी दोरी ताणतोय, कुणी बोलतोय, कुणी हळूच एखादा टोला मारतोय. फीट येते तेव्हा हे सगळेच्या सगळे एकदम, एकाच ठोक्यावर, जीव तोडून वाजवायला लागतात नि थांबायचं नाव घेत नाहीत. फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपीन काय करतं, तर एका टोल्यानंतर लगेच दुसरा टोला मारू देत नाही, हाताला जरा दम खायला लावतं, त्यामुळे नेहमीचं वाजवणं चालू राहतं पण तो बेफाम वेग चढत नाही. डायझेपाम, लोराझेपाम, मिडॅझोलाम यांची तऱ्हा वेगळी, मेंदूत शांत करणारं जे रसायन आपलं आपण तयार होतं, गाबा म्हणतात त्याला, त्याचा आवाज ही औषधं मोठी करतात. एवढं कळलं की मुलींना पुढचं सगळं आपोआप कळतं. गोळी एकदम बंद केली तर काय होईल? रोखून धरणारा हात एकदम काढून घेतला की आधीपेक्षा जोरात वाजणार.

माझ्या वॉर्डात एक मुलगा आला होता, बावीस तेवीसचा असेल, कंपनीत शिफ्टला जायचा. दीड वर्ष एकही फीट नाही म्हणून त्याने आपल्या मनाने गोळ्या सोडल्या, घरच्यांना वाटलं बरंच झालं, पोरगा बरा झाला. सोडून आठवडा पण झाला नव्हता. त्याला आणलं तेव्हा एकामागून एक फीटा चालू होत्या, मधे शुद्धच येत नव्हती. लोराझेपाम दिलं, मग फेनिटॉइन लावलं. साठ किलोच्या माणसाला किलोला वीस मिलीग्रॅम म्हणजे बाराशे मिलीग्रॅम, आणि ते मिनिटाला पन्नास मिलीग्रॅमच्या वर सोडता येत नाही, म्हणजे घाई कितीही असली तरी निदान चोवीस मिनिटं. आई दारात उभी राहून ओरडतेय, "अहो लवकर करा ना काहीतरी", आणि तुम्ही एक हात नाडीवर, एक डोळा मॉनिटरवर ठेवून हळूहळूच द्यायचं, कारण घाईत दिलं तर बीपी धाडकन खाली येतं, हृदयाचे ठोके बिघडतात. ती चोवीस मिनिटं मला अजून आठवतात. मुलगा वाचला. त्याची आई नंतर म्हणाली, "आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं की बंद करायची नसते." कार्डावर लिहिलेलं होतं. इंग्लिशमधे.

आणि तो येताना त्याच्या तोंडात चमचा घातलेला होता, दोन दात पडले होते. कांदा, चप्पल, चमचा, हे अजून पुण्यात चालतं, शिकलेल्या घरात पण चालतं. तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, गळ्याभोवतीचं सैल करा, आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा शुद्ध न येता दुसरी आली की सरळ हॉस्पिटल. हल्ली घरी ठेवायला मिडॅझोलामचा नाकात मारायचा स्प्रे मिळतो, डॉक्टरांनी लिहून दिला असेल तर तो कसा मारायचा हे घरातल्या निदान दोघांनी शिकून घ्या, कारण फीट येते तेव्हा शिकलेला माणूस नेमका बाजारात गेलेला असतो.

फेनिटॉइनबद्दल अजून एक, कारण हे १९३८ पासून फीटसाठी वापरात असलेलं स्वस्तातलं औषध आजही कितीतरी घरात आहे. याचा डोस थोडासा वाढवला तरी रक्तातलं प्रमाण अचानक खूप वाढू शकतं. स्वारगेटला एसटीच्या तिकीट खिडक्या असतात तसं लिव्हरचं समजा, खिडक्या ठरलेल्या, जोपर्यंत माणसं कमी तोपर्यंत आला की तिकीट घेऊन गेला, पण एकदा सगळ्या खिडक्या भरल्या की मग पन्नास माणसं जास्त आली तरी रांग रस्त्यावर जाते. म्हणून रक्तात मिलीलिटरमागे दहा ते वीस मायक्रोग्रॅमच्या मधे ठेवतात, आणि म्हणून काल गोळी विसरली तर आज स्वतःच्या मनाने जास्तीच्या घेऊन टाकू असं करायचं नाही, म्हणून मेडिकलवाल्याने "दुसऱ्या कंपनीची आहे, तीच आहे" म्हणून दिली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायची नाही. जास्त झालं की माणूस दारू प्यायल्यासारखा चालतो, झोकांड्या खातो, बुबुळं थरथरतात, जीभ जड होते. पुस्तकात याला अॅटॅक्सिया नि निस्टॅग्मस म्हणतात. माझ्या विद्यार्थिनी हे दोन्ही शब्द स्पेलिंगसकट पाठ म्हणतात, पण "ताई, यांच्या बायकोला सांग काय बघायचं ते" म्हटलं की गप्प. एक जण म्हणाली, "मॅडम, अॅटॅक्सियाला मराठीत काय म्हणायचं?" बीडची पोरगी, घरात सगळं मराठी, आणि आजाराचं मराठी तिच्याकडे नाही. दोष तिचा नाही, परीक्षा इंग्लिशमधे, पुस्तक इंग्लिशमधे, लेक्चर पण अर्धं तसंच. पण मला विचाराल तर जी गोष्ट तुम्हाला आपल्या भाषेत दुसऱ्याला सांगता येत नाही ती तुम्हाला पुरती कळलेलीच नसते.

एक अगदी मनापासून सांगायचंय. मुलीला फीटचा त्रास आहे म्हणून लग्नात लपवायचं, गोळ्या बॅगेच्या तळाशी, सासरी गेल्यावर चारचौघात घेता येत नाहीत म्हणून बंद, आणि मग पूजेला बसलेली असताना सगळ्यांसमोर फीट. असं मी एकदा नाही, अनेकदा बघितलंय. अहो, १९९९ सालीच हिंदू विवाह कायद्यातून फीटच्या आजाराची आडकाठी काढून टाकलीय. नीट औषध घेतलं तर दहातल्या सात जणांच्या फीटा थांबू शकतात. फक्त व्हॅल्प्रोएट ही फीटची गोळी चालू असेल तर दिवस जायच्या आधी, लग्न ठरतानाच, डॉक्टरांना सांगा, त्याने बाळाच्या मणक्याला, मेंदूला दोष होऊ शकतो, डॉक्टर औषध बदलतील, फॉलिक अॅसिड देतील. आपण होऊन एकदम सोडायची मात्र नाही, कारण फीटा आईला आल्या तर त्या पण बाळाला धोकाच.

कंपवाताचं वेगळं आहे, तिथे घड्याळ महत्त्वाचं. लेव्होडोपा ही गोळी आतड्यातून रक्तात नि रक्तातून मेंदूत ज्या दारातून जाते त्याच दारातून जेवणातलं प्रोटीन पण जातं. आपल्याकडे काय करतात, "रिकाम्या पोटी गोळी नको बाई" म्हणून आजोबांना आधी उसळ, वरण, वाटीभर दूध, नि मग गोळी. दारात गर्दी, गोळी बाहेर. मग आजोबा तासभर पुतळ्यासारखे खुर्चीत, आणि घरचे म्हणतात औषध लागू पडत नाही. जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवल्यावर एक तासाने घेतली तर तोच माणूस उठून चालतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय, आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांना सकाळचा चहा स्वतःच्या हाताने न सांडता घेताना बघून त्यांची सून रडायला लागली होती. अगदीच मळमळत असेल तर गोळीबरोबर एखादं बिस्किट चालतं.

आणि हाच माणूस दुसऱ्याच कुठल्या कारणाने अॅडमिट झाला की वॉर्डातल्या औषधाच्या वेळा वेगळ्या, आमची ट्रॉली सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा अशी फिरते, त्यांची गोळी आठ, बारा, चार, आठ. नातेवाइकांनो, तिथे सिस्टरला स्पष्ट सांगा, भांडायला लागलं तरी सांगा, वेळ बदलू नका. उलटी होतेय म्हणून कुणी मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन भरायला लागलं तर "यांना कंपवात आहे" हे आठवण करून द्या, कारण मेंदूतलं डोपामिन नावाचं जे रसायन वाढावं म्हणून आपण गोळी देतोय, नेमकं त्याच्याच ते आड येतं. आणि ऑपरेशनच्या गडबडीत लेव्होडोपा दोन दिवस द्यायचीच राहिली तर माणूस लाकडासारखा ताठ होऊन तापाने फणफणू शकतो, जिवावर बेतू शकतं.

आता वारीचं सांगते, कारण दर आषाढाच्या आधी पालख्या पुण्यातून जातात आणि मला त्या दोन दिवसात हीच धास्ती असते. मनाच्या आजारासाठी लिथियमची गोळी घेणारी माणसं वारीला जातात. जावं की, मन शांत राहतं, आनंद मिळतो. पण लिथियम हा मिठाचा चुलतभाऊ समजा, शरीरातलं मीठपाणी कमी झालं की किडनी त्याला बाहेर टाकायच्या ऐवजी धरून ठेवते. दिवसभर उन्हात चालणं, घाम, त्यात एकादशीचा निर्जळी उपास, त्यात पाय दुखतात म्हणून कुणीतरी दिलेली आयब्युप्रोफेन नाहीतर डायक्लोफिनॅकची गोळी, या तिन्ही गोष्टी लिथियम वाढवतात. रक्तात लिटरमागे ०.६ ते १.२ मिलिमोल ठीक, दीडच्या वर गेलं की हाताची बारीक थरथर मोठी होते, जुलाब, उलट्या, बोलणं जड, चालताना तोल जातो, आणि बरोबरची मंडळी म्हणतात ऊन लागलं असेल. ऊन लागलेलं असेलही, पण लिथियमची तपासणी पण व्हायला हवी, आणि खरं तर नीट कळायला शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त घेतात. म्हणून निघायच्या आधी डॉक्टरांना भेटा, पाणी नि मीठ नेहमीइतकं पोटात जाऊ द्या, दुखलं तर पॅरासिटामॉल, आणि आपण काय घेतोय ते चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. विठ्ठल निर्जळी उपास मागत नाही हो.

झोपेच्या गोळीबद्दल थोडक्यातच लिहिते, तिच्यावर बरंच छापून येतं. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम या गोळ्या १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन मधे आहेत, म्हणजे मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत, वेगळ्या रजिस्टरला नोंद करायची नि ती तीन वर्षं ठेवायची. तरी घरोघरी स्टीलच्या डब्यात अर्ध्या तोडलेल्या गोळ्या असतातच, आजीची अर्धी एमपीएससीचा अभ्यास करणारा नातू घेतो. आजी रात्री बाथरूमला उठते, तोल जातो, खुबा मोडतो. सर्दीच्या गोळीबरोबर, खोकल्याच्या औषधाबरोबर, दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावतो. आणि वर्षानुवर्षं घेतलेली गोळी पेपरात लेख वाचून एका दिवसात बंद केली तर ज्याला आयुष्यात कधी फीट आली नाही त्यालाही येऊ शकते. म्हणून कमी करायची ती डॉक्टरच्या हिशोबाने, पाव पाव करत, आठवडे महिने घेऊन. अशा लेखाखाली ही एक ओळ तेवढी न चुकता छापत जा, ही कळकळीची विनंती.

तर माझं मागणं काय, ते सांगते. हॉस्पिटल चालवणाऱ्या सगळ्यांना, सरकारी, खाजगी, ट्रस्टचे, की मेंदूवरचं औषध घेऊन जो पेशंट घरी जातो त्याच्यासाठी डिस्चार्जच्या आधी सिस्टरला पंधरा मिनिटं वेगळी द्या. बिलाच्या गडबडीत नाही, आदल्या संध्याकाळी, नातेवाईक बसलेले असताना. तेवढ्या वेळात तिच्याकडचे पेशंट दुसरीकडे द्या. कार्डावर टीडीएस (म्हणजे दिवसातून तीनदा), एचएस न लिहिता सकाळ, दुपार, रात्र लिहा, वाचता येत नसेल तर सूर्य नि चंद्र काढा. समजावून झाल्यावर "कळलं का?" असं विचारायचं नाही, त्याला सगळेच हो म्हणतात. "आता तुम्ही मला सांगा, गोळी विसरली तर काय कराल?" असं विचारायचं, नि त्यांचं उत्तर ऐकायचं. आणि आम्हा शिकवणाऱ्यांना, की मुलींच्या प्रॅक्टिकलमधे हे मराठीतून सांगणं मार्कांना धरा.

मी माझ्यापुरतं सुरू केलंय. आमच्या इथल्या वॉर्डात एक मावशी आहेत, सातवी शिकलेल्या. मुलगी त्यांना समोर बसवून एक औषध समजावते, मग मावशी ते आपल्या शब्दात मला येऊन सांगतात, मावशींना सांगता आलं तर मुलगी पास. मागच्या वेळी सहापैकी दोनच पास झाल्या. कार्बामाझेपीनवाली नापास झाली होती, मावशी म्हणाल्या "पुरळ आलं तर कॅलॅमिन लावायचं", आणि खरं तर अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी डॉक्टरला गाठायचं असतं, कातडी सोलवटण्यापर्यंत जाऊ शकतं ते. ती पोरगी रडली, मग दोन दिवस होस्टेलवर आरशासमोर उभं राहून मराठीत बोलत होती म्हणे. येत्या गुरुवारी तिची पुन्हा परीक्षा आहे. मावशींची ड्युटी दोनला सुटते, पण थांबते म्हणाल्यात.

आपली,
एक सिस्टर, धनकवडी, पुणे